सोमवार, बुधवार, शुक्रवार

व्हिडिओ गेमला एके काळी मार्क मिळत. चित्रांना नऊ, आवाजाला आठ, खेळण्याच्या मजेला साडेआठ, एकूण टक्के इतके इतके. नव्वदच्या दशकातलं एखादं अमेरिकी गेमिंग मासिक उघडा, समीक्षेच्या तळाशी बहुधा असं प्रगतिपुस्तक असायचं. त्यात खोटं काही नसे. पण खेळणाऱ्याच्या आयुष्यातली निम्मी गोष्ट त्यात येतच नसे. रात्री अकराला ‘शेवटचा एक डाव’ म्हणून बसलेला माणूस पहाटे तीनला कुठल्या अवस्थेत असतो, जिवलग मित्राने खेळात पाठीत गोळी घातली तर दुसऱ्या दिवशी त्याच्याशी बोलायचं कसं, सहा महिने वाट पाहून घेतलेला गेम भिकार निघाला तर घरच्यांना तोंड कसं दाखवायचं, याचे मार्क कुठल्या रकान्यात भरणार?

ही निम्मी गोष्ट सांगितली ती इंटरनेटवरच्या चित्रमालिकांनी, म्हणजे वेबकॉमिक्सनी. त्या फुकट होत्या, आणि सुरुवातीला काढणारे बहुतेक जण पोटासाठी दुसरंच काही तरी करत होते. नव्या स्ट्रिपचे वार ठरलेले असत. बऱ्याच ठिकाणी सोमवार, बुधवार, शुक्रवार. गेमिंगच्या इतिहासाची पुस्तकं आता ढिगाने निघतात आणि कंपन्यांचे चढउतार त्यांत व्यवस्थित सापडतात. पण २००३ साली गेम खेळणारा माणूस कशावर चिडत होता, कशाला हसत होता, हे पाहायचं असेल तर मी अजूनही या स्ट्रिप्सच उघडतो.

१९९८ हे वर्ष त्या दृष्टीने महत्त्वाचं. मे महिन्यात स्कॉट कर्ट्झने ‘पीव्हीपी’ सुरू केलं; त्यातली पात्रं एका गेमिंग मासिकाच्या कचेरीत काम करतात. १८ नोव्हेंबरला ‘पेनी आर्केड’ आलं. दुसऱ्याच दिवशी ‘हाफ-लाइफ’ हा गेम बाजारात आला आणि पुढच्या चार-पाच दिवसांत ‘झेल्डा’ मालिकेतला ‘ऑकरिना ऑफ टाइम’. ज्यांच्याविषयी पंचवीस वर्षं लोक हळवे होऊन बोलणार होते, ते गेम आणि ते बोलणं ज्यात उमटणार होतं ती जागा, दोन्ही एकाच आठवड्यात जन्मली.

‘पेनी आर्केड’चे दोन धनी: जेरी होल्किन्स लिहितो, माइक क्रॅहुलिक काढतो. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावचे हे दोघे. ओळख झाली शाळेतल्या पत्रकारितेच्या तासाला. पुढे ते सिॲटलच्या परिसरात आले. तिथे एका दगडात चार गेम कंपन्या सापडाव्यात अशी स्थिती आहे. निन्टेन्डोचं अमेरिकी मुख्यालय रेडमंडला, शेजारीच मायक्रोसॉफ्ट, ‘हाफ-लाइफ’वाली व्हॉल्व्ह कंपनीही त्याच पट्ट्यात. स्ट्रिपमध्ये क्रॅहुलिकचा अवतार म्हणजे गेब, पिवळा पॅकमॅन छापलेला टीशर्ट घातलेला तापट गडी. होल्किन्सचा अवतार टायको, खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या नावावरून. निळ्या पट्ट्यांचा स्वेटर, जड भाषा, मनात खोट. दोघे सोफ्यावर बसून गेम खेळतात आणि एकमेकांना बोलतात. कथानक म्हणाल तर एवढंच.

आपल्याकडे चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर यांचा ‘चिंटू’ १९९१पासून ‘सकाळ’मध्ये येऊ लागला, तेव्हा तीन-चार चौकटींची ही चाल मराठी वाचकाच्या अंगवळणी पडली. पहिल्या चौकटीत बेत, दुसऱ्यात अडचण, शेवटच्या चौकटीत फजिती. फरक एकच, पण मोठा. चिंटू आजोबांना कळायला हवा, नातवाला कळायला हवा, आणि पेपर टाकणाऱ्या मुलालाही कळायला हवा. वर्तमानपत्राचा संपादक तसं नसेल तर ती स्ट्रिप घेणारच नाही. ‘पेनी आर्केड’ला संपादकच नव्हता. त्यामुळे एखाद्या गेममधलं एखादं कुलूप कसं मूर्खासारखं उघडतं यावर अख्खी स्ट्रिप निघू शके. तो गेम खेळलेल्यांची हसून मुरकुंडी वळे. बाकीच्यांना ओ की ठो कळत नसे, आणि कळावं अशी कोणाची अपेक्षाही नसे. न कळण्याची ही मुभा म्हणजे या प्रकाराचं सगळं बळ. वाचकाला वाटे, हे आपल्यातल्या आपल्यात चाललंय. ज्या छंदावरून घरी बोलणी खावी लागत, त्या छंदाची कोणी तरी बारकाव्यांसकट नोंद ठेवतंय याचा आनंद त्याला विनोदाहून मोठा होता. पुढे जे काही बिघडलं तेही या ‘आपल्यातल्या आपल्यात’नेच बिघडलं, पण ते नंतर.

चित्र काढता येत नसलं तरी चाले, हेही लवकरच सिद्ध झालं. १ एप्रिल २००० रोजी डेव्हिड अॅनेझ याने ‘बॉब अँड जॉर्ज’ सुरू केलं. हाताने काढलेली मालिका करायचा त्याचा बेत होता. ती तयार होईतो जागा रिकामी राहू नये म्हणून त्याने ‘मेगा मॅन’ या जुन्या गेममधल्या ठोकळेबाज आकृत्या उचलल्या, त्यांच्या डोक्यांवर संवादांचे फुगे डकवले. वाचकांना तेच आवडलं. हाताने काढलेली मालिका काही तग धरू शकली नाही आणि ही तात्पुरती सोय २००७पर्यंत चालली. गेममधल्या अशा आयत्या आकृत्यांना स्प्राइट म्हणतात, म्हणून या सगळ्या प्रकाराचं नाव पडलं स्प्राइट कॉमिक.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे ब्रायन क्लेव्हिंजरचं ‘८-बिट थिएटर’, २००१ ते २०१०. आकृत्या १९८७च्या पहिल्या ‘फायनल फँटसी’मधल्या. त्यातला काळा जादूगार बघण्यासारखा आहे: टोकदार टोपी, खाली काळोख, काळोखात दोन पिवळे ठिपके. याला चेहराच नाही. भुवई उडवता येत नाही, ओठ मुडपता येत नाही. मग राग दाखवायचा कसा? क्लेव्हिंजरने सगळा भार बोलण्यावर आणि थांबण्यावर टाकला. एकच आकृती जशीच्या तशी तीन चौकटींत ठेवायची, मधल्या चौकटीत कोणी बोलायचं नाही. ते दोन पिवळे ठिपके तुमच्याकडे बघत राहतात आणि तुम्हाला त्यात संताप दिसायला लागतो. रंगमंचावर नट नुसता उभा राहून हशा घेतो, तोच प्रकार. बाराशेहून जास्त स्ट्रिप्स अशा निघाल्या, आणि शेवट असा केला की ज्या महाखलनायकासाठी नऊ वर्षं वाट पाहिली, त्याला भलत्याच पात्रांनी पडद्याआड मारलं. बरेच वाचक भडकले. मला तो शेवट झकास वाटतो. ज्या चार नायकांनी जन्मात एक काम धड केलं नाही, त्यांना शेवटी विजय द्यायचा कशाला?

याच सुमारास सिद्धान्तही चालू होते. स्कॉट मॅक्लाउडने २०००च्या ‘रीइन्व्हेंटिंग कॉमिक्स’ या पुस्तकात मांडलं की पडद्याला पानाची हद्द नाही, तेव्हा चित्रकथा हवी तेवढी लांब आणि हव्या त्या दिशेने पसरू शकते. वाचकाने वाचताना काही पैसे टाकावेत, त्यावर चित्रकार जगेल. ‘आवाज’च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं जशी कागदाची घडी उघडल्याशिवाय पुरी होत नाहीत, तसं पडद्याचंही स्वतःचं काही असावं, ही अपेक्षा रास्तच होती. गेमिंगवाल्यांनी मात्र तीन चौकटी सोडल्या नाहीत आणि त्या किरकोळ पैशांच्या कल्पनेची ‘पेनी आर्केड’वाल्यांनी टर उडवली. त्यांचं स्वतःचं मात्र वाचकांच्या देणग्यांवर कसंबसं चाललं होतं. २००२मध्ये रॉबर्ट खू नावाचा तरुण आला, आपली नोकरी सोडून दोन महिने बिनपगारी काम करायला तयार झाला, आणि त्याने जाहिराती, टीशर्ट, पुस्तकं यांची घडी बसवून दिली. वाचणं फुकट, पैसे भोवतालच्या वस्तूंचे, हा पुढे अनेक वेबकॉमिक्सचा शिरस्ता झाला.

२००३च्या हिवाळ्यात त्यांनी ‘चाइल्ड्स प्ले’ ही संस्था काढली. गेम मुलांना हिंसक बनवतात, असं लिहून येत होतं. त्याला उत्तर म्हणून वाचकांना आवाहन केलं की सिॲटलच्या मुलांच्या रुग्णालयासाठी खेळणी आणि गेम पाठवा. क्रॅहुलिकचं गॅरेज खोक्यांनी भरलं. पहिल्याच वर्षी अडीच लाख डॉलरच्या वर रोकड आणि खेळणी जमली. दोन वर्षांनी जॅक थॉम्पसन नावाचा मायामीचा वकील पुढे आला. गेमविरोधी मोहिमांसाठी तो प्रसिद्ध होता. गेम बनवणाऱ्यांचेच खून पडतात असा एक गेम त्याने कागदावर रचला आणि जाहीर केलं की कोणी तो बनवून दाखवला तर आपण दहा हजार डॉलर दान करू. काही जणांनी खरंच तसं बनवायला घेतलं, तेव्हा तो म्हणाला, ते उपहासाने लिहिलं होतं. होल्किन्स आणि क्रॅहुलिकने त्याच्या नावाने दहा हजार डॉलर गेम उद्योगाच्या धर्मादाय निधीला देऊन टाकले. थॉम्पसनने सिॲटलच्या पोलिसांकडे तक्रार धाडली. तीन वर्षांनी फ्लोरिडातली त्याची वकिलीची सनदच रद्द झाली, तो भाग वेगळा.

मधल्या काळात, ऑगस्ट २००४मध्ये, सिॲटलजवळच्या बेलव्ह्यू इथे त्यांनी खेळणाऱ्यांचा मेळा भरवला: ‘पॅक्स’. तोवर गेमिंगचा सगळ्यात मोठा सोहळा होता लॉस एंजेलिसचा ‘ई-थ्री’, पण तिथे प्रवेश धंद्यातल्या लोकांना. ज्यांच्या पैशावर धंदा चाले ते दाराबाहेर. ‘पॅक्स’ला पहिल्या वर्षी सुमारे ३३०० लोक आले, पाच वर्षांत आकडा साठ हजारांवर गेला. पुढे बॉस्टन झालं, मेलबर्न झालं. ‘ई-थ्री’ डिसेंबर २०२३मध्ये कायमचं बंद झाल्याची घोषणा झाली. स्ट्रिपवाल्यांचा मेळा चालूच आहे.

पण मेळ्याला साठ हजार माणसं आली की ते ‘आपल्यातल्या आपल्यात’ राहत नाही. हे या दोघांना उशिरा उमगलं, आणि गंमत अशी की त्याची चाहूल त्यांच्याच एका स्ट्रिपमध्ये आधी लागली होती. मार्च २००४मध्ये ‘अनरियल टूर्नामेंट २००४’ या ऑनलाइन गेमच्या निमित्ताने त्यांनी फळ्यावर एक समीकरण मांडलं. साध्यासुध्या माणसात निनावीपणा मिळवा, समोर प्रेक्षक बसवा, उत्तर येतं ते इथे छापता येण्याजोगं नाही. ऑनलाइन खेळताना बारा वर्षांचं पोर आपल्या आईवरून का बोलतं, याचा इतका नेमका खुलासा तोवर कोणी केला नव्हता. समाजमाध्यमं घरोघरी पोचायच्या आधीची ही गोष्ट. पुढे हे समीकरण अशा लोकांच्या तोंडी गेलं ज्यांनी तो गेम पाहिलाही नव्हता.

त्यात एक गोष्ट मात्र राहून गेली. प्रेक्षक जमले की निनावी नसलेल्या माणसाचंही तेच होतं.

ऑगस्ट २०१०मधली स्ट्रिप अशी. ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’सारख्या गेममध्ये कामगिरी मिळते: पाच गुलाम सोडवा. सहावा समोर दिसत असतो, पण पाच भरले की इनाम मिळतं आणि खेळणारा पाठ फिरवतो. स्ट्रिपमधला सहावा गुलाम गयावया करतो, आपले रोज काय हाल होतात ते सांगतो. त्यात कल्पित राक्षसी प्राण्यांकडून होणाऱ्या बलात्काराचा उल्लेख आहे. नायक म्हणतो, माझे पाच झाले. मूळ निशाणा चोख होता: गेममधली नीतिमत्ता हजेरीपटासारखी कशी चालते. पण काही वाचकांनी, त्यात स्वतः अत्याचार सोसलेलेही होते, सांगितलं की तो उल्लेख टोचला. इथवर काही बिघडलं नव्हतं. एक ओळ लिहून प्रश्न मिटला असता. त्यांनी उलट टिंगल करणारी स्ट्रिप काढली आणि मग त्या कल्पित राक्षसी प्राण्याचे टीशर्ट विकायला ठेवले. जानेवारी २०११मध्ये ते काढून घेतले. २०१३च्या ‘पॅक्स’मध्ये मंचावरून क्रॅहुलिक म्हणाला की टीशर्ट काढून घेणं हीच चूक झाली, आणि सभागृहात टाळ्या पडल्या. काही दिवसांनी त्याने लेखी माफी मागितली.

हे सगळं मी पुन्हा वाचलं तेव्हा मला क्रॅहुलिकपेक्षा त्या टाळ्यांचं जास्त वाटलं. शाळेत ज्याला गेमवेडा म्हणून चिडवलं, तो मोठा झाला तरी स्वतःला चिडवला जाणाराच समजत राहतो. त्याच्या हाती आता मेळा आहे, दुकान आहे, लाखो वाचक आहेत. पण कोणी टोकलं की त्याला शाळेची मधली सुट्टीच आठवते. गेमिंगच्या जगात पुढे २०१४मध्ये बायकांविरुद्ध जो चिखल उडाला त्याचं मूळ बऱ्याच अंशी याच जखमेत आहे, असं माझं मत आहे. जखम खरी होती. ती मिरवत दुसऱ्याला जखमी करण्याचा परवाना मात्र कोणी दिला नव्हता.

वाचकांच्या निर्दयपणाचा दुसरा नमुना टिम बकलीच्या ‘कंट्रोल-ऑल्ट-डिलीट’चा. २००२पासून चाललेली ही मालिका: गेमवेडा ईथन, त्याची मैत्रीण लायला, घरात यंत्रमानव, पांचट विनोद. २ जून २००८ रोजी बकलीने त्यात चार चौकटींची मूक स्ट्रिप टाकली. पहिल्या चौकटीत ईथन रुग्णालयाच्या दारातून धावत येतो. दुसऱ्यात स्वागतकक्षातल्या बाईला विचारतो. तिसऱ्यात डॉक्टरांसमोर उभा. चौथ्यात तो खाटेशेजारी उभा आणि लायला कुशीवर वळून रडते आहे. गर्भपात झालाय. शीर्षक: ‘लॉस’.

कालपर्यंत ज्या पात्रांनी बाष्कळपणा केला त्यांच्यावर अचानक हे दुःख लादलेलं वाचकांना पटलं नाही. विडंबनांचा पूर आला. पहिल्यांदा पात्रं बदलली, मग चित्रं गेली, आणि शेवटी उरल्या नुसत्या रेघा. पहिल्या घरात एक उभी रेघ. दुसऱ्यात दोन, त्यातली एक किंचित बुटकी. तिसऱ्यात दोन. चौथ्यात एक उभी, एक आडवी. एवढं दिसलं की जाणकार ओळखतो. आता तर फरशीच्या नक्षीत, बाटल्यांच्या मांडणीत लोक ते लपवतात आणि दुसऱ्याने शोधून काढलं की खूश होतात. यातल्या बहुतेकांनी मूळ मालिका वाचलेली नाही. चित्रकाराच्या हातून चौकटींची रचना इतकी स्वच्छ उतरली होती की माणसं पुसली तरी ती वाचता येते. चित्रकलेच्या वर्गात दाखवावं असं हे उदाहरण आहे. ज्या बाईसाठी ती स्ट्रिप काढली, ती मात्र आडवी रेघ होऊन राहिली.

अँड्र्यू हसीच्या ‘होमस्टक’ने २००९पासून वेगळीच वाट धरली. जुन्या, नुसत्या मजकुरावर चालणाऱ्या गेममध्ये जशा आज्ञा टाइप करायच्या असत, तशा वाचक सुचवायचे आणि त्यातून गोष्ट पुढे सरकायची. चित्रांच्या जोडीला हलती दृश्यं, संगीत, मध्येच खेळता येणारे तुकडे. आठ हजारांवर पानं झाली. २०१२मध्ये त्यावरून गेम करायला वाचकांनी वीस लाखांहून जास्त डॉलर वर्गणी दिली. ती हलती पानं ‘फ्लॅश’ या तंत्रावर उभी होती आणि अॅडोबीने २०२०च्या अखेरीस फ्लॅशचा आधार काढून घेतला. चाहत्यांनी आधीच सगळं उतरवून, स्वतःच्या संगणकावर चालेल असा संग्रह तयार केला नसता तर ती पानं तशी पुन्हा पाहायला मिळाली नसती. १९७०चा दिवाळी अंक डोंबिवलीच्या एखाद्या वाचनालयात अजून हाती लागतो. २०१०चं वेबकॉमिक नेटावर सापडेलच याची हमी कोणी देऊ नये.

आपल्याकडे या सगळ्यातलं काय पोचलं? गेम पोचले. नव्वदच्या दशकात ‘टीव्ही गेम’ नावाने मिळणाऱ्या नकली यंत्रांवर ‘मारिओ’ आणि ‘कॉन्ट्रा’, कॅसेटच्या तोंडात फुंकर मारून पुन्हा बसवायची पद्धत. मग मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या नकली सीड्या, सायबर कॅफेत तासावर ‘काउंटर-स्ट्राइक’. २०२०मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ आला. त्यात सर्कशीतली मुलगी पळवून नेलेल्या भावाला शोधायला निघते आणि दुर्गा तिच्या पाठीशी उभी राहते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये पब्जीवर बंदी आली. पण त्या सायबर कॅफेतला उकाडा, ‘दादा, अजून दहा मिनिटं’ ही काकुळत, बंदीच्या दिवशी पोरांच्या चेहऱ्यावर आलेली कळा, यांची तीन चौकटींतली नोंद ठेवायचं काम मराठीत मीमवर सोडलं गेलं. मीम झकास असतात. मात्र मीमला लेखक नसतो, आणि त्यातली माणसं दुसऱ्या दिवशी पुन्हा भेटत नाहीत.

आणि आता तर ‘आपल्यातल्या आपल्यात’ म्हणायला ती हद्दच उरलेली नाही. कोरियन वेबटून फोनवर उभं वाचायचं, अंगठ्याने सरकवत. मॅक्लाउडचा न संपणारा कागद शेवटी अवतरला तो असा, चिंचोळा. त्यातल्या ‘सोलो लेव्हलिंग’मध्ये नायकाचं आयुष्यच गेमसारखं चालतं: कामगिरी येते, गुण वाढतात, समोर हवेत फलक उघडतो. ज्याने जन्मात गेम खेळला नाही तोही हे बिनदिक्कत वाचतो. तिकडे चित्रकारांवर आठवड्याला एक लांबलचक रंगीत भाग देण्याचं ओझं असतं आणि त्यावरून कोरियात वाद चालू आहेत. सोमवार, बुधवार, शुक्रवारच्या तीन चौकटी त्यामानाने चैनीच्या म्हणायच्या.

‘पेनी आर्केड’च्या पानावर स्ट्रिपच्या खाली जुनी सोय अजून आहे: मागची, पुढची, आणि अगदी पहिली. कोणीही उठावं आणि १९९८पासून एकेक करत आजवर यावं. इन्स्टाग्रामवर उत्तम व्यंगचित्रं काढणारी मराठी मुलंमुली मी रोज बघतो. त्यांची पहिली स्ट्रिप बघायची म्हणजे अंगठ्याने खाली खाली सरकवत बसायचं. मध्ये फोन आला की पुन्हा वरून सुरुवात.